कुलूपवालीला काहीच येत नाही

सरकारी कागद दादांनी कोळून प्यायले होते, असं दादांचंच म्हणणं होतं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं पावत्यांवर शिक्के मारून निवृत्त झालेला माणूस. घरात फॉर्म आला की बाकीच्यांनी हात लावायचा नाही, हा नियमच होता. मग तो फॉर्म गॅसचा असो, नाहीतर धाकट्या बहिणीच्या अपंग साहाय्य योजनेचा.

धाकटीच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता, आणि डावा हात कुणी कोपराशी धरला तरच वर जायचा. पण उजव्या हाताची बोटं विचारू नका! गल्लीच्या तोंडाशी तिचं किल्ल्यांचं दुकान होतं. कपाट, तिजोरी, गाडी, काहीही अडलं की लोक कुलूपवालीकडे धाव घेत. योजनेतून रोज सकाळी अडीच तास मदतनीस मावशी यायच्या. आंघोळ, कपडे, चाकाची खुर्ची, दुकानापर्यंत नेणं, हत्यारं हाताशी मांडून देणं, सगळं त्यांच्याकडे. ते अडीच तास गेले की दुकान गेलंच म्हणायचं, कारण दादांची कंबर धरलेली आणि वहिनींचे गुडघे कुरकुरायला लागलेले.

आता योजनेचे नियम बदलले होते. प्रत्येक घरी तपासनीस येणार, नव्यानं चौकशी होणार. महिन्यापूर्वी बेचाळीस पानांची पुस्तिका आली होती. दादांनी तिचं पहिलं पान वाचलं, "कळलं!" म्हणाले, आणि ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. धाकटीनं मावशींकडून ती काढवून घेतली आणि दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा शेवटपर्यंत वाचली.

"दादा, यात प्रश्नच बदललेत," तिनं दोनदा सांगून पाहिलं.

"प्रश्न बदलले तरी सरकार तेच आहे. जितकं येत नाही म्हणाल तितके तास जास्त. तू गप्प बस, मी आहे ना!"

धाकटी गप्प बसली. ती गप्प बसली की काहीतरी शिजतंय हे दादांना पन्नास वर्षांत कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

तपासणीच्या दिवशी दादांनी घराचं नाटकघर केलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली, किल्ल्यांचा जुडगा पिठाच्या डब्यात, धाकटीच्या मांडीवर जाड चादर.

"मान जरा वाकडी कर. अगं, एवढी नको, माणूस घाबरेल! आणि डोळे असे चमकवू नकोस."

"डोळ्यांचं काय करू? काढून ठेवू?"

"वहिनी तुला केळं भरवेल. तू फक्त तोंड उघडायचं, तेही उशिरानं."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या मावशींचे खांदे हलत होते. दादांना वाटलं, बिचारीला रडू येतंय.

अकरा वाजता तपासनीस आले. सडपातळ माणूस, काखेत फाईल, खिशात मोजपट्टी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ताई दिवसभर काय काय करतात?"

हा प्रश्न दादांच्या तालमीत नव्हता. पण डगमगतील ते दादा कसले!

"काय करणार हो? काहीच नाही. चमचासुद्धा उचलता येत नाही."

वहिनींनी केळ्याचा तुकडा पुढे केला. धाकटीनं सावकाश तोंड उघडलं.

"बाहेर जातात? काही काम, काही आवड?"

"छे छे! आम्हीच उचलतो, आम्हीच ठेवतो."

तपासनीस लिहीत गेले, आणि त्यांचा चेहरा पडत गेला. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "मग मला वाईट वाटतं. जुन्या नियमात काय येत नाही ते मोजायचे. आता माणूस काय करतो आणि त्यात मदत नेमकी कुठं लागते, ते बघून तास देतात. ज्यांना काहीच करता येत नाही, त्यांची घरची मदतनीस बंद होते. त्यांना दिवसभराच्या केंद्रात जागा मिळते. सकाळी गाडी नेईल, संध्याकाळी सोडेल."

दादांच्या पायाखालची जमीन सरकली. केंद्रात? आणि दुकान? पण बोलायचं कसं? आत्ताच तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आपण आपल्याच हातानं तिच्या दुकानाचं शटर खाली ओढतोय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"एवढं बाथरूमचं माप घेतो, मग सही करा," तपासनीस उठले.

"दार लावून बघायचं असतं," धाकटी वाकड्या मानेनंच पुटपुटली. "खुर्ची आत वळते का ते. पान एकोणतीस."

तपासनिसांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. मग आत गेले आणि दार लावून घेतलं. मोजपट्टीचा आवाज आला. मग मूठ फिरल्याचा. मग पुन्हा मूठ फिरल्याचा.

"अहो, हे उघडत नाहीये!"

दादांनी बाहेरून मूठ फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली. त्यांनी दाराला खांदा दिला, तर दार जागचं हललं नाही, खांदा मात्र हलला. वहिनी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या आणि सवयीनं ओरडल्या, "अहो, बघत काय बसलात? कुलूपवालीला बोलवा ना!"

सगळ्यांनी एकदम चादरीतल्या कुलूपवालीकडे पाहिलं. तिची मान अजून वाकडीच होती.

"मला तर बाई चमचासुद्धा उचलता येत नाही," ती म्हणाली.

"थट्टा नको गं!" दादा कुजबुजले. "उघड ना. पाया पडतो तुझ्या."

"पाया नको पडूस. साहेबांना सांग मी कोण ते. मोठ्यानं. दार जाड आहे."

दादांनी दाराला तोंड लावलं आणि ओरडले, "साहेब, मी खोटं बोललो! ही कुलूपवाली आहे! बावीस वर्षं दुकान चालवते! पोस्टाची तिजोरी अडली तेव्हा हिलाच नेलं होतं! माझ्या मुलीची फी हिनं भरली! काहीच येत नाही म्हणालो तो मी गाढव!"

आतून जरा वेळानं आवाज आला, "सावकाश सांगा. लिहून घेतोय."

"झालं की नाही!" म्हणत धाकटीनं चादर फेकली. मावशींनी खुर्ची दाराला आडवी लावली, ब्रेक ओढला, पेटी मांडीवर ठेवली आणि डावं कोपर खालून तोलून धरलं. धाकटीनं दोन स्क्रू काढले, मूठ बाजूला केली, आकडा आत घालून कुलपाची जीभ मागे ओढली. चार मिनिटंसुद्धा लागली नसतील. तपासनीस घामाघूम बाहेर आले. कोपराखालचा मावशींचा हात अजून तिथंच होता. तो त्यांनी नीट पाहिला आणि फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या.

"हेच हवं होतं मला," ते म्हणाले. "आधीचं सगळं खोडलंय. अडीच तास कायम ठेवा अशी शिफारस करतो. दुपारी दुकानात अर्धा तास वाढवून मागतो." दारात थांबून त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याच घरचं कुलूप कसं काय बिघडलं?"

"वेळच मिळत नाही हो स्वतःच्या घराला," धाकटी साळसूदपणे म्हणाली.

ते गेल्यावर दादा पलंगावर मटकन बसले. "आधी ते कुलूप दुरुस्त कर बाई."

धाकटीनं खुर्चीच्या गादीखाली हात घातला आणि तळवा पुढे केला. तळव्यावर एक बारीक स्प्रिंग होती. मावशींना आता हसू आवरेना.

"सकाळीच काढून ठेवलीस? आणि मला घाम फोडलास?"

"मागच्या तपासणीत तू फॉर्मवर लिहिलंस, काहीही करू शकत नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "तास मिळावेत म्हणून लिहिलंस, ठाऊक आहे मला. पण खाली सही माझी होती, दादा. तीन वर्षं रोज शटर उघडताना मला ते वाक्य आठवायचं."

एकतीस वर्षं शिक्के मारलेल्या त्या माणसाला, आपण कशावर शिक्का मारला होता ते आज कळलं. मग ते उठले, खुर्ची दाराशी नेली आणि धाकटीचं डावं कोपर धरलं.

"तसं नाही हो," मावशी म्हणाल्या. "वरून दाबू नका. खालून आधार द्या."

दादांनी हात खाली घेतला. धाकटीचा हात वर गेला, आणि स्प्रिंग जागेवर बसली.