सामरवरणीची मंडळी

गोकुळ गावित नवापूर तालुक्यातून सिल्वासाला आला तो १९८६ साली, सामरवरणीच्या एका सुताच्या कारखान्यात. घरी तीन पिढ्या ख्रिस्ती. रविवार म्हणजे उपासना हे अंगात भिनलेलं. सिल्वासात जुनं चर्च होतं. तो दोनदा जाऊन मागच्या बाकावर बसला. कोणी वाईट वागलं नाही, पण तिथली रीत वेगळी, गाणी वेगळी. परत येताना त्याला फार एकटं वाटलं.

"मग आपणच बसू या की," चंदा म्हणाली. त्याची बायको फार बोलत नसे, पण बोलली की ते होऊन जाई.

पहिल्या रविवारी त्यांच्या चाळीतल्या खोलीत पाच जण होते. वर्षभरात खोली पुरेना. एका वारली शेतकऱ्याने बांधालगतची जागा वापरायला दिली. तिथे कुडाच्या भिंती आणि पत्र्याचं छप्पर उभं राहिलं. बायकांनी जमीन सारवली. गोकुळने दारावर चुन्याने लिहिलं, 'कोणीही यावं.' तो ह्या मंडळीचा रीतसर पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हता. सहा-आठ महिन्यांनी नवापूरचे पाळक येऊन भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन देऊन जात, बाकी सगळं गोकुळच बघायचा. आलेल्याला जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, आधी पाणी द्यायचं, ही त्याची शिस्त.

१९८९च्या उन्हाळ्यात जवळच्या रांध्याला गाद्यांचा फोम कापणारी एक शेड जळाली. दुपारची पाळी चालू होती. कामगार मधेच बाहेर जातात म्हणून शेठने शटरला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं होतं. आत तिघे जळून मेले. त्यांतला एक साक्रीकडचा लखन. त्याची बायको सुमन चाळीत चंदाच्या शेजारीच राहायची. पदरात अकरा वर्षांची गुड्डी.

चंदा रोज काम आटोपून सुमनकडे जाऊन बसे. धीराचे शब्द तिला येत नव्हते, नुसती बसे. तीन महिन्यांनी सुमननेच विचारलं, "तुमच्या रविवारी मी आले तर चालेल का? आमच्या घरात देव्हारा आहे."

"असू दे की," चंदा म्हणाली. "तू ये."

सुमन आली आणि बघता बघता मंडळीचा जीव झाली. तिला अक्षरओळख नव्हती, पण गीत एकदा ऐकलं की पाठ. कोण बाळंत झाली, कोणाचं बोट यंत्रात गेलं, तिथे पहिली तीच पोचायची. तिच्यामागे चाळीतल्या बायका येऊ लागल्या. १९९२पर्यंत चाळीसेक माणसं झाली.

त्या वर्षीच्या डिसेंबरात, एका रविवारी, गीत चालू असताना पन्नाशीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चंदाने त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला नाही. तांब्या तसाच धरून मागे पोत्यावर टेकला.

सुमनचा आवाज थांबला. मग एकेक करून सगळ्यांचेच थांबले.

"हा झुंबर," ती म्हणाली. "रांध्याच्या शेडचा वॉचमन. ह्यानेच कुलूप लावलं होतं."

झुंबरने मान वर केली नाही.

"गोकुळभाऊ, ह्याला बाहेर काढा."

गोकुळच्या हातातलं पवित्र शास्त्र उघडंच होतं. "ताई," तो हळू म्हणाला, "दारावर आपण लिहिलंय..."

"मला वाचता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवलं होतं. कोणीही म्हणजे मला वाटलं, आमच्यासारखं कोणीही."

ती गुड्डीला घेऊन बाहेर पडली. तिच्यामागे सात-आठ बायका उठल्या. झुंबरही उठला आणि तांब्या जमिनीवर ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गोकुळ त्याला शोधत सुरंगीकडे गेला. झुंबर तिथल्या लाकडाच्या वखारीत राखणीला होता. पोलिसांत त्याने जबाब दिला होता की किल्ली शेठकडे होती. शेठ तेव्हाच पसार झाल्याने त्याचं खरंखोटं कधी झालंच नव्हतं.

"तुझ्या मनात काय आहे ते सांग," गोकुळ म्हणाला. "माझ्यापाशी राहील."

झुंबर ओंडक्याची साल सोलू लागला. मग म्हणाला, "किल्ली माझ्याच खिशात होती, भाऊ. मी फाट्यावर चहाला गेलो होतो. धूर दिसला तसा धावत आलो. आतून शटर बडवत होते. किल्ली लावायला गेलो तर कुलूप तापलेलं, हात भाजला. तेवढ्यात आत काहीतरी फुटलं आणि मी पळालो." त्याने पंजा उघडला. तळव्यावर गुळगुळीत, गुलाबी चट्टा होता. "दुसऱ्यांदा हात घातला असता तर उघडलं असतं. चार वर्षं होत आली, मला ते ठाऊक आहे."

"पोलिसांत जाऊन सांग. मी बरोबर येतो."

"चार वेळा निघालो. अर्ध्या वाटेतून परत आलो. तुम्ही मात्र कुणाला सांगू नका. शब्द दिलाय तुम्ही."

गोकुळने दोघांनाही राखायचा मार्ग काढला. झुंबरने बुधवारी संध्याकाळी यावं, एकट्याने. रविवारी नको. तो रविवारी दिसेना तशी सुमन बायकांसह परत येऊ लागली. झुंबर तीन बुधवार आला. गोकुळ वाचायचा, तो ऐकायचा आणि जायचा.

"हे बरं नाही होत," चंदा म्हणाली. "त्याला चोरून बसवताय आणि तिला फसवताय."

"मग काय करू? हाकलू?"

"ते मला नाही माहीत. पण सुमनला तुम्ही सांगा, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी."

गोकुळ आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिला. चौथ्या आठवड्यात सुमनला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ती सकाळी प्रार्थनाघरात आली. गोकुळ एकटाच सतरंज्या झटकत होता.

"बुधवारी येतो ना तो?"

"येतो."

"मी भांडायला नाही आले. एकच विचारते. किल्ली कुठे होती, ते त्याने तुम्हाला सांगितलं का?"

गोकुळने सतरंजी खाली ठेवली. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर शब्द मोडतो. सुमन त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर शेतातून कोणीतरी बैलाला हाकत होतं, तो आवाज लांब जाईपर्यंत ती तशीच उभी होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं मरण तुम्हाला ठाऊक आहे आणि मला नाही."

"ताई, मी शब्द..."

"ठेवा तुमचा शब्द."

तो तिथेच बसून राहिला. त्या दिवशी त्याचा खाडा झाला. घरी आल्यावर त्याने चंदाला एवढंच सांगितलं, की सुमन आता यायची नाही.

सुमनपाठोपाठ बायका गेल्या, बायकांपाठोपाठ घरं. झुंबरच्या कानावर ते गेलं असावं. त्या बुधवारी तो आला नाही, पुढच्याही नाही. गोकुळ वखारीत गेला तेव्हा मालक म्हणाला, "पंधरा दिवस झाले, सांगून नाही गेला." सुरगाण्याकडे त्याचं गाव होतं एवढंच कोणाला माहीत. गोकुळ तिथवर जाऊन आला. गावात झुंबर नव्हता.

मग तो सुमनच्या दाराशी गेला. "तो गेला, ताई. आता येणार नाही. तुम्ही या."

सुमन तांदूळ निवडत होती. "तुम्ही त्याला काढलं असतं तर आले असते," ती म्हणाली. "तो आपला आपण गेला. त्यात तुमचं काय?"

तो परत फिरला. वाटेत त्याच्या मनात आलं, आता तरी सगळं सांगून टाकावं. तो दोनदा थांबला, आणि घरी गेला.

ईस्टरला प्रार्थनाघरात नऊ माणसं होती. पुढे नवे कारखाने आले, ओरिसाचे, बिहारचे लोक आले, त्यांतले काही येऊ लागले. उपासना अर्धी हिंदीत होऊ लागली. मंडळी पुन्हा पंचविसावर गेली. आलेल्याला अजूनही आधी पाणी मिळे. गोकुळ मात्र आता कोणी मन मोकळं करायला बसलं की घाईघाईने म्हणायचा, "मला नको सांगूस, देवाला सांग." लोकांना वाटे, किती नम्र माणूस.

१९९७ साली गुड्डीचं लग्न ठरलं. सुमनने चंदाला पत्रिका दिली. पत्रिकेवर एकट्या चंदाचंच नाव होतं.

"जाऊ ना?" चंदाने विचारलं.

"जा. जायलाच हवं."

ती दुपारी परतली तेव्हा तो चुलीपाशी भात बघत होता. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला बुंदीचा लाडू काढून ताटात ठेवला.

"माझ्यासाठी दिला?"

"निघताना सगळ्यांना देत होते," चंदा म्हणाली.

गोकुळने लाडू अर्धा मोडला आणि उरलेला तिच्यापुढे सरकवला. चंदाने त्याला भात वाढला.