सावलीत निवडलेलं यंत्र

वर्ध्याच्या त्या पेढीत कूलरचा पंखा घरघरत होता. टेबलाच्या एका बाजूला मालकाचा मुलगा भूपेंद्र बसला होता. दुसऱ्या बाजूला, शाळेच्या वह्यांच्या मागण्या घेत गावोगाव फिरणारे नत्थूजी उभे होते. दोघांच्या मधोमध मी पडलो होतो. माझ्या पडद्यावर आदल्या तीन दिवसांतली एकही मागणी नव्हती. तारीख जानेवारीची दिसत होती. बाहेर मे महिना जळत होता.

मित्रांनो, मी तळहातावर मावणारा एक जुना संगणक आहे. आज मी एका खणात तुटक्या पंचिंग मशीनजवळ पडून असतो. माझ्याकडे कोणी पाहत नाही, याचं दुःख मला नाही. त्या दुपारी माझ्या कोऱ्या चेहऱ्यावर एका माणसाचा खोटेपणा वाचला गेला आणि मी कोराच राहिलो, याचं आहे.

जिथे धुळीचा कणही आत येत नाही अशा कारखान्यात माझी घडण झाली. ऊन म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. २००३ च्या दसऱ्याला मी या पेढीत आलो. त्या दिवशी इथे वजनकाट्याची, शिक्क्यांची, टेम्पोच्या किल्लीची पूजा होते. त्या वर्षी पाटावर तीन यंत्रंही मांडली होती. फिरत्या विक्रेत्यांसाठी त्यांतलं एक निवडायचं होतं.

माझ्या शेजारी एक जाडजूड, करड्या रंगाचं यंत्र होतं. त्याचा पडदा मंद होता, पण ते साध्या पेन्सिल सेलवर चालत असे आणि सेल संपले तरी लिहिलेलं विसरत नसे. माझी स्मृती मात्र विजेवर जगत होती. वीज पूर्ण उतरली की मी नव्याने जन्मल्यासारखा रिता होई. हे कोणी विचारलं नाही. खिडक्यांचे पडदे ओढलेल्या त्या खोलीत मी निळा, हिरवा, केशरी उजळलो. सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळले आणि मला ते आवडलं.

नत्थूजींनी करडं यंत्र हातात घेऊन दाराकडे बोट दाखवलं. "बाबू, तिघांयलेबी जरा बाहेर उन्हात नेऊन पाहा ना. आपला दुकानदार का कूलरखाली बसून राह्यते?"

"काका, उन्हाचं सोडा, आधी तुमच्या चष्म्याचा नंबर बदला," भूपेंद्र म्हणाला, आणि सगळे हसले.

"नंबर तं बदलतो. पन समुद्रपूरले लाइट गेली तं याले काय चारू?"

त्यावर आणखी मोठा हशा झाला. मला हळदकुंकू लागलं, करडं यंत्र नागपूरला परत गेलं.

थंडीत मी चांगलं काम केलं. सेलूच्या दुकानदारांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं, मुलांना बोलावून दाखवलं. तरीही नत्थूजी प्रत्येक मागणी आधी आपल्या लांबट वहीत लिहीत, मग माझ्यात. भूपेंद्रच्या ते लक्षात आलं. "दोन दोन ठिकाणी लिहायचं होतं तर मशीन काऊन घेतली?" असं म्हणून त्याने ती वही मागून घेतली. नत्थूजींनी ती पिशवीतून काढून दिली.

मग उन्हाळा आला. शाळा उघडण्याआधीच्या मागण्यांचे दिवस. आंजीच्या बाजारात नत्थूजी मला डोळ्यांशी नेत, तळव्याची सावली धरत, अखेर कडुनिंबाखाली जात. माझ्या काचेत त्यांना स्वतःचा घामेजलेला चेहरा तेवढा दिसे. समुद्रपूरला पोचलो तेव्हा गावात वीज नव्हती. माझी शक्ती संपत आल्याची सूचना मी दिली. पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत, रणरणत्या उन्हात. ती त्यांना दिसणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी, वर्ध्याला येणाऱ्या बसमध्ये, मी विझलो.

पेढीत मला वीज मिळाली आणि मी निष्पाप अर्भकासारखा जागा झालो.

"काका, मशीन झूठ नाही बोलत," भूपेंद्र माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "तुम्ही गेलेच नव्हते. सच बोला."

"गेलतो, बाबू. बाकीचेबी सांगतो, पन आधी आंजी लिहून घ्या. वासुदेवराव, दोनशेपानी पंधरा डझन, चौरेघी आठ, चित्रकलेच्या चार. अठ्ठावीस वर्षं झाले मले, अजून डोकं तं रितं नाई झालं."

भूपेंद्रने त्यांच्यासमोरच आंजीच्या त्या दुकानदाराला फोन लावला आणि आवाज खोलीभर मोठा केला.

"पंधरा, आठ न् चार," पलीकडून वासुदेवराव म्हणाले. "नत्थूजीनं सांगतलं नाई का? का आता त्यायची साक्ष माह्यापासून काढून राह्यले?"

भूपेंद्रने घाईने फोन ठेवला.

मित्रांनो, यंत्र निवडाल तेव्हा ते जिथे राबणार आहे तिथे नेऊन पाहा. ज्याच्या हाती ते द्यायचं, त्याचं आधी ऐका. आणि माझ्यासारख्याची साक्ष माणसाच्या शब्दापेक्षा कधी वरचढ मानू नका. आम्हाला विसरण्याची लाज वाटत नाही. मला वाटते, पण तीही फार उशिरा.

भूपेंद्र उठला. त्याने मला आपल्या रुमालाने पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. "काका, जाऊ द्या ना. उद्या हिंगणघाटच्या लाइनले तुम्हीच जाता ना?"

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. उन्हात डोक्याला गुंडाळायचा, खुर्चीच्या पाठीवरचा दुपट्टा त्यांनी उचलला, झटकला, खांद्यावर टाकला, आणि मला भूपेंद्रच्या हातातच ठेवून ते पायऱ्या उतरून गेले.