इंजिनाची पाटी

फौजेत वीस वर्षं इंजिनं सांभाळली, म्हणून पाटणच्या त्या छोट्या दवाखान्यातलं जनरेटरचं इंजिन माझ्या हवाली झालं. लाईट गेली की ऑपरेशनच्या खोलीला तेवढाच आधार. मी जागेवर नसलो तर घोळ नको, म्हणून इंजिनावर पाटी रंगवून लावली. टाकी बघा, पाणी बघा, हँडल मारा. शेवटी ठळक अक्षरांत, 'पाटीवर नाही ते करायचं नाही.' ही ओळ खास इमामसाठी. इमाम माझा जोडीदार, हाताचा चांगला, पण स्वतःची अक्कल फार चालवायचा. त्यावरून मी त्याला चारचौघांत झापलंही होतं.

शहात्तरच्या दसऱ्याला दुपारी माझीच लेक अंजना त्या टेबलावर होती. मूल आडवं आलेलं, रक्त थांबत नव्हतं. माझं रक्त जुळलं. शेजारच्या खोलीत मी कॉटवर पडलो, हातात सुई, खाली बाटली भरत होती. ती भरेपर्यंत हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उशाशी माझी बायको लीलाबाई बसली होती.

बाहेर पाऊस कोसळला आणि लाईट गेली.

"आवं, आता वो?" लीलाबाई कळवळली.

"इमाम हाय. पाटी हाय," मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं. पाच-सहा ठोके पडले आणि बंद. पुन्हा हँडल फिरल्याचा आवाज, पण ठोका नाही. आतून डॉक्टर ओरडले, "उजेड! काही दिसत नाही मला!"

ठोके पडून बंद म्हणजे डिझेल पोचत नाही. टाकी तर मीच भरली होती. मग एकदम आठवलं. काल खंडेनवमी. पूजा करून इंजिनाला विश्रांती म्हणून डिझेलची चावी मीच बंद केली होती. ती एरवी कायम उघडीच, म्हणून पाटीवर तिचं नावच नव्हतं.

"लीले, पळ! इमामला सांग, डिझेलची चावी उघड, नळीतली हवा काढ!"

ती भिजत धावली. सुई उपटून स्वतः जावं असं दहादा वाटलं, पण बाटली अजून अर्धीच होती. मी नुसता पडून राहिलो. अखेर इंजिन धडधडलं, बल्ब लागला. थोड्या वेळानं आत बाळ रडलं, तेव्हा मीही रडलो.

संध्याकाळी अंजना शुद्धीवर आल्यावर मी तडक इंजिनाकडे गेलो. "चावी बंद हाय, दिसलं न्हाई व्हय रं तुला?"

"दिसलं की, हवालदार. पयल्याच खेपंला," इमाम खाली बघत म्हणाला. "पर तिच्यावर तुमी हळद-कुकू लावल्यालं. तुमच्या पूजेला मी कसा हात लावू? आन् पाटीवर बी न्हवतं."

माझा राग जागच्या जागी विरला. लेकीचा जीव मीच अडवून ठेवला होता, वर तसा हुकूमही लिहून ठेवला होता. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि ती शेवटची ओळ पुसून टाकली.

मग ब्रश इमामच्या हातात दिला आणि विचारलं, "पयलं काय लिवायचं, तू सांग."