न झालेल्या सभेचं इतिवृत्त

"विमान सुटत नाहीये," फोन खाली ठेवत इव्होन म्हणाली. "दोघेही गॅटविकलाच अडकलेत."

धुक्याचा तो तिसरा दिवस होता. आमच्या खिडकीतून एरवी गर्न्सी बेटावरच्या सेंट पीटर पोर्टचं सगळं बंदर दिसायचं. त्या दिवशी समोरच्या बँकेची पाटीही दिसत नव्हती. सभा दोन वाजताची होती. लांबलचक टेबलापाशी ब्रेहोसाहेब एकटेच बसले होते, अंगातला कोटही न काढता. पूर्वी ते घरं विकायचे, आता आठ कंपन्यांचे संचालक होते. दुसऱ्या स्थानिक संचालक मिसेस माही डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साउथॅम्प्टनला गेल्या होत्या. उरलेले दोघे लंडनचे, दर सभेला सकाळी गॅटविकहून यायचे आणि संध्याकाळच्या विमानाने परत जायचे.

इव्होन टोरोड आमच्या कचेरीत कंपन्यांची सचिव होती. दुसऱ्यांच्या कंपन्या कागदोपत्री सांभाळणं हाच आमचा धंदा. एकतीस वर्षं ती सभांची इतिवृत्तं लिहीत होती, त्यातली शेवटची नऊ वर्षं मी तिच्या हाताखाली होते. वय एकोणसाठ, लग्न केलेलं नाही. ती कचेरीत कधी मोठ्याने बोललेली मला आठवत नाही.

ती सभा हॅल्डन ब्रॅम या बड्या गुंतवणूक कंपनीची होती. तिची सगळी उतरंडच होती. सर्वांत वरची कंपनी न्यूयॉर्कला, तिच्याखाली दोन लक्झेंबर्गला, आणि गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करणारी आमच्याकडे गर्न्सीत. तळाशी कुठे कुठे पसरलेले कारखाने, दवाखाने, गोदामं. आमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात पहिल्याच टिपेत दोन वाक्यं असायची. एक म्हणजे, या कंपनीचा कारभार गर्न्सीतूनच चालतो. दुसरं, खालचे उद्योग ही कंपनी चालवण्यासाठी नव्हे तर पुढेमागे विकण्यासाठी बाळगते. म्हणून त्यांचे हिशेब यात मिळवलेले नाहीत, फक्त आजची किंमत दाखवली आहे. चारशे माणसांचा कारखाना आमच्या कागदावर एका ओळीत मावायचा.

पहिलं वाक्य खरं राहावं, म्हणजे कर गर्न्सीचाच लागावा, म्हणून नियम कडक होता. निर्णय बेटावरच घ्यायचे आणि किमान तीन संचालक खोलीत हजर हवेत. त्या दिवशी वर्षाचा अहवाल मंजूर करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो बाजारात जाहीर व्हायचा होता, आणि आमचे आकडे हाती आल्याशिवाय न्यूयॉर्कचा अहवाल पुरा होणार नव्हता.

अडीच वाजता गॅव्हिन फॅला आत आला. तो आमचा व्यवस्थापक. वीस वर्षांपूर्वी तो नोकरीला लागला तेव्हा त्याला पत्रं लिहायला इव्होननेच शिकवलं होतं. लंडनच्या दोघांशी त्याचं बोलणं झालं होतं. ते फोनवरून बोलतील, ब्रेहोसाहेब इथे आहेतच. आणि मिसेस माहींनी परवाच सगळे कागद वाचून होकार कळवला आहे. तेव्हा सभा नेहमीसारखी उरकायची आणि इतिवृत्तात चौघांची नावं 'उपस्थित' खाली घालायची, असं त्याने सांगितलं.

"ते उपस्थित नाहीत, गॅव्हिन."

"विमान सुटलं असतं तर असतेच ना. धुक्याला कोण काय करणार? कागद तेच, माणसं तीच, निर्णयही तोच."

"मग धुक्याचंच लिहिते."

गॅव्हिनने दार लोटून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. आम्ही चौदाजण त्याच्या भरवशावर होतो आणि आमचं निम्मं काम हॅल्डन ब्रॅमचं होतं. तो तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "इव्होन, खरं सांगा. आजवर तुम्ही घडलं तसंच्या तसं लिहीत आलात का?"

उत्तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत लँकेशरमधला एक बिस्किटांचा कारखाना बंद करायचं ठरलं होतं. चार मिनिटं लागली. त्यातही दोन मिनिटं एकजण जेवणाचं विचारत होता. इव्होनने नेहमीच्या रिवाजाने लिहिलं, 'सर्व पर्यायांवर सविस्तर चर्चा होऊन'. पुढे कामगार पेन्शनसाठी कोर्टात गेले तेव्हा तो कागद पुरावा झाला. इव्होनला लंडनला साक्षीला बोलावलं. हे अक्षर तुमचंच का, एवढंच तिला विचारलं गेलं, ती हो म्हणाली. संचालकांनी विचारपूर्वक निर्णय घेतला होता, असं ठरून कामगार हरले.

बाहेर जिन्यात एका बाईने तिला गाठलं. सव्वीस वर्षं त्या कारखान्यात बिस्किटं डब्यात भरणारी बाई. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच इव्होनला सोसलं नाही. बाईने विचारलं होतं, "तुम्ही त्या खोलीत होता ना? खरंच एवढा विचार केला होता का हो त्यांनी आमचा?"

"मी काय म्हणाले असेन?" इव्होनने एकदा जेवणाच्या सुटीत मला विचारलं होतं, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगितलं होतं, "मला बस गाठायचीय, असं म्हणाले."

तर त्या दुपारी गॅव्हिनच्या प्रश्नावर ती म्हणाली, "नाही. तसंच्या तसं लिहीत आले नाही."

"मग आजच काय झालं?"

"आज मला जमत नाहीये. तू लिही, हवं तर. पण सचिव म्हणून खाली माझी सही घालू नकोस."

ब्रेहोसाहेब टेबलाकडेच बघत होते. "मी इथेच होतो, एवढं मात्र लिही हं," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी उचलली.

मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. आईला वृद्धाश्रमात ठेवून तेव्हा सहाच महिने झाले होते. लिही ना बाई, एवढंच माझ्या मनात होतं. एका शब्दाचा तर प्रश्न.

तिने पाच ओळी लिहिल्या. दोन वाजता सभा बोलावली. धुक्यामुळे विमान आलं नाही. एक संचालक हजर. गणपूर्ती झाली नाही. सभा तहकूब.

धुकं दुसऱ्या दिवशी दुपारी विरलं. संध्याकाळी लंडनचे दोघे आले आणि आठ मिनिटांत अहवाल मंजूर करून गेले. जाहीर करायला एक दिवस उशीर झाला, त्याचं कारण बाजाराला कळवावं लागलं. न्यूयॉर्कहून गॅव्हिनला फोन आला. सप्टेंबरात हॅल्डन ब्रॅमने आपलं काम शेजारच्या जर्सी बेटावरच्या एका कचेरीकडे नेलं. पत्रात धुक्याचा उल्लेख नव्हता, 'कामाची सुसूत्रता' असं काहीतरी होतं. आमच्यातल्या पाचजणांच्या नोकऱ्या गेल्या. माझे आठवड्यातले दोन दिवस कमी झाले आणि आईला स्वस्तातल्या, दूरच्या ठिकाणी हलवावं लागलं. इव्होनला मुदतीआधी निवृत्ती दिली. तोपर्यंत मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

तिच्या शेवटच्या दिवशी तिनेच घरून गाश आणली होती, म्हणजे भरपूर बेदाणे घातलेला इथला गोड पाव, आणि लोणी. चहाच्या खोलीत तिने तिचे चौदा तुकडे केले, सवयीनेच असावेत. सहाजण आले. गॅव्हिन दारातून डोकावला, "जर्सीचा फोन आहे," म्हणाला आणि तिचा हात हातात घेऊन लगेच गेला. बाकीचे उभ्याउभ्याच खाऊन आपापल्या टेबलाकडे वळले. मागे मी आणि ती उरलो.

शेवटी मी विचारलंच. "एक शब्द लिहिला असतास तर काय बिघडलं असतं, इव्होन?"

तिने खरोखर विचार केला. "काहीच नाही बहुतेक, शेरी," ती म्हणाली. "कुणाला कळलंही नसतं." मग म्हणाली, "तुझी आई कशी आहे?"

"तिला नवी खोली आवडली नाही."

तिने मान हलवली. माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. उरलेले आठ तुकडे तिने कागदात गुंडाळून माझ्यापुढे सरकवले. सुरीला लोणी लागलं होतं. ती बेसिनपाशी गेली, गरम पाणी येईपर्यंत नळाखाली बोट धरून उभी राहिली, सुरी दोन्ही बाजूंनी धुतली, फडक्याने कोरडी केली आणि खण उघडून बाकीच्या सुऱ्यांमध्ये, पातं आतल्या बाजूला करून, ठेवली.