चार पावलं

मुलाने आईचे, म्हणजे सिस्टरचे, दोन्ही पाय उचलून चाकाच्या खुर्चीच्या पट्टीवर ठेवले आणि मांडीवर शाल पसरली. विमानतळाच्या दारात टॅक्सीतून अजून बॅगा निघत होत्या. त्याच टॅक्सीतून सिस्टर मघाशी टुणकन उतरल्या होत्या आणि आपली बॅग आपणच ओढायला लागल्या होत्या, हे सुदैवाने कुणी पाहिलं नव्हतं.

"आता उठायचं नाही," तो वाकून म्हणाला. "कुणी विचारलं तर गुडघे. बोलेन मी. तू गप्प बस."

"अरे, पण मला धड चालता..."

"ती रांग बघितलीस का?"

रांग मारुतीच्या शेपटासारखी दारापर्यंत आली होती. सुट्ट्या लागल्या होत्या आणि सगळं गाव आजच कुठेतरी निघालं होतं. त्यात बाळ निघता निघता सुनेच्या अंगावर ओकलं, टॅक्सीवाला भलत्याच रस्त्याला लागला, आणि सून तेव्हापासून जी गप्प झाली होती ती अजून बोलत नव्हती. अशा वेळी आई खुर्चीत बसली की अख्खं कुटुंब रांग चुकवून पुढे जातं, ही युक्ती मुलाला ऑफिसात कुणीतरी सांगितली होती.

सात वर्षांच्या ठकीला आधीच पढवून ठेवलं होतं. आजी आज चालत नाही, हा एक खेळ आहे, खेळ मोडला तर तिकडे आइस्क्रीम नाही. ठकी शहाण्यासारखी खुर्चीचा दांडा धरून चालत होती.

सिस्टरनी शाल गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. एका सकाळचा प्रश्न होता, आणि ही सहल त्यांची होती. मुलाने स्वतः फोनवर फोटो दाखवला होता, डोंगरातलं मोठं तळं आणि त्याच्या कडेकडेने जाणारी पायवाट. "आई, उभा जन्म हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलास, आता जरा पाय मोकळे कर. हे तुझ्यासाठी," असं तो म्हणाला होता. त्या रात्री सिस्टरना झोप लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी पांढरे बूट घेतले, ते तळ्यासाठी जपून ठेवले आणि जुन्या चपलांनीच सोसायटीच्या आवारात रोज पहाटे फेऱ्या घालायला सुरुवात केली. शेजारणी विचारायच्या, सिस्टर, कसली तयारी? त्या सांगायच्या, लेक तळं दाखवायला नेतोय.

खुर्ची ढकलणारा माणूस गप्पिष्ट होता. "आजी, बूट अगदी कोरे दिसतायत," तो म्हणाला. "वापरले नाहीत वाटतं?"

"चालताच येत नाही, तर कुठून वापरणार," मुलगा म्हणाला.

खुर्चीवाला कागद आणायला खिडकीकडे गेला. सिस्टर भिंतीकडे तोंड करून होत्या. मुलगा आणि सून मागे, खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उभे होते. सुनेची जीभ तेवढ्यात मोकळी झाली.

"तळ्याच्या फेरीसाठी हॉटेलवाल्यांनी आकडा विचारला होता. मी आपली तिघांची नावं दिली. तू, मी आणि ठकी."

"आणि आई?"

"बाळाला कोण बघणार? त्यासाठीच आणलंय ना त्यांना. आया आणायची तर तिचंही तिकीट, वर तिचे नखरे."

मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगू, चढ फार आहे म्हणून. ऐकेल ती." आणि हसला. "शिवाय खुर्चीही मिळाली. एका दगडात दोन पक्षी."

वॉर्डात सिस्टरनी हे जन्मभर पाहिलं होतं. माणूस खाटेवर किंवा खुर्चीत पडला की घरचे त्याच्या डोक्यावरून बोलायला लागतात, वाटण्यांचं बोलतात, पुढच्या लग्नाचंही बोलतात. त्या नातेवाइकांना फैलावर घ्यायच्या. पेशंटचे पाय गेलेत, कान शाबूत आहेत, म्हणायच्या. आता त्या शालीच्या दशा बोटांनी विंचरत राहिल्या.

आत कॉफीच्या टपरीवरच्या मुलीने मुलाला विचारलं, "आजी काय घेतील?"

"तिला काही नको. मग सारखं बाथरूम लागतं."

"मला आत्ताच जायचंय," सिस्टर म्हणाल्या.

"आई, विमानात बसल्यावर जा. इथे उठलीस तर सगळंच मुसळ केरात."

त्यांनी पाय जुळवून घेतले आणि कळ दाबून ठेवली. सून बाळाला त्यांच्या मांडीवर देऊन कॉफी प्यायली.

गेटवर मात्र गाडं अडलं. विमान छोटं होतं, जिन्याने चढायचं होतं, आणि खुर्चीसकट वर उचलणारी गाडी सकाळीच बंद पडली होती. गेटवरच्या बाईंनी हे मान खाली घालूनच सांगितलं.

"यांना उद्याच्या विमानाने पाठवू. आज राहायची सोय आम्ही करतो. सोबत एकाला थांबावं लागेल."

"छे, छे. आई चढेल की."

"बुकिंग करताना तुम्ही लिहिलंय, एकही पायरी चढता येत नाही."

"लिहिलं असेल हो. पण चढते ती. रोज चढते."

बाईंनी आता वर पाहिलं. त्यांच्यामागे गणवेशातला एक माणूस येऊन उभा राहिला होता. "मग चार पावलं चालून दाखवू देत," बाई म्हणाल्या. "मला काही हरकत नाही."

मुलगा खुर्चीपुढे येऊन वाकला. त्याच्या कपाळावर घाम होता. "आई, ऊठ," तो म्हणाला. सकाळी 'उठायचं नाही' म्हणाला होता, त्याच आवाजात.

सिस्टरच्या पोटऱ्या आपोआप आवळल्या. पाय तयार होते. पाय पहाटेपासूनच तयार होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. गेटवरच्या बाईंकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाल्या, "नाही हो जमायचं. माझ्या लेकाने लिहिलंय ते खरं आहे."

"आई!"

"गुडघे," सिस्टर म्हणाल्या.

ठकीने त्यांचा हात ओढला. "आजी, खेळ संपला. बाबा म्हणतायत ऊठ." तिने आणखी एकदा ओढलं, मग आईकडे वळून रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजी खेळ थांबवत नाहीये." या पोरीने त्यांचं काहीच वाकडं केलं नव्हतं. तरी त्या उठल्या नाहीत.

पुढचं सगळं दाराशी उभ्याउभ्याच झालं. दार बंद व्हायची वेळ आली होती, आणि जे आज जाणार नाहीत त्यांची तिकिटं बुडणार होती. उद्या जागा फक्त पेशंट आणि सोबत्याला होती.

"मी यांच्याजवळ थांबणार नाही," सून म्हणाली.

"मग दोन्ही पोरं घेऊन एकटी जाशील?"

"तुझी आई आहे. तुझी अक्कल होती." तिने बाळ कडेवर घेतलं, बॅग खांद्याला अडकवली आणि रडणाऱ्या ठकीला दंडाला धरून ओढत नेलं. काचेपलीकडे ठकीने मागे वळून पाहिलं. सिस्टरनी हात हलवला. ठकीने हलवला नाही.

हॉल रिकामा झाला. खुर्चीवाल्याने सांगितलं की आता घ्यायला गाडी येईल, तोवर इथेच थांबा, आणि त्याला दुसरी खुर्ची न्यायची होती म्हणून तो गेला.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. "आता कुणी नाहीये इथे. ऊठ."

"मला बाथरूमला जायचंय."

"मग जा ना. समोर तर आहे."

"ने मला."

त्याने रिकाम्या हॉलभर नजर फिरवली. मग त्याने खुर्ची ढकलली. त्याला सवय नव्हती, त्यामुळे ती आधी कचऱ्याच्या डब्याला आणि मग अपंगांसाठीच्या बाथरूमच्या चौकटीला धडकली. सिस्टरचा कोपर खरचटला. त्यांनी तो शालीखाली घेतला. आत गेल्यावर त्याने दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकला.

"आई, पुरे आता."

सिस्टर आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत होत्या. तळव्यांना अजून माती लागलेली नव्हती.

तो खाली बसला. त्याने त्यांच्या गुडघ्याला हात लावला, जरासा दाबून पाहिला. लहानपणी तापात असायचा तसा त्याचा आवाज बारीक झाला.

"आई, खरंच उठता येत नाहीये का गं?"

आज सकाळपासून तो पहिल्यांदाच त्यांना खरोखर काही विचारत होता. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. सिस्टरनी ते गिळलं.

त्याने त्यांच्या काखांखाली हात घातले आणि जोर लावला. नव्या नर्सेसना सिस्टर दरवर्षी शिकवायच्या की पेशंटने आपल्या गळ्यात हात टाकला की त्याचं ओझं निम्मं होतं, आणि त्याने अंग सोडलं की ते दुप्पट होतं. मुलाच्या मानेच्या शिरा ताठल्या, पाय घसरला, आणि तो पुन्हा सावरून वाकला.

"गळ्यात हात टाक गं," तो धापा टाकत म्हणाला.

सिस्टरनी हात मांडीवरच ठेवले आणि अंग सोडून दिलं.