तोंडावाटे काही दिले नाही

"पाणी नको. बाळा, ती बाटली मागे घे."

"मॅडम, माणूस मागतोय!"

"ऐकू येतंय मला. मागे घे."

सुलक्षणाबाई केळसकर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या कारखान्यात एरवी अखंड आदळत राहणाऱ्या प्रेस एकेक करून थांबल्या होत्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच छपराखालच्या पारव्यांची फडफड ऐकू येत होती. समोर तीन नंबरच्या प्रेसवरचा अनंत घाडी उताणा पडला होता. साखळीवरून उतरवताना पत्र्यांची थप्पी कलली होती आणि तिची कड त्याच्या पोटावर बसली होती. रक्ताचा थेंब नव्हता. शर्टाची गुंडीसुद्धा तुटलेली नव्हती. पण चेहऱ्याचा रंग राखेकडे चालला होता, आणि तो रंग सुलक्षणाबाईंना ठाऊक होता. प्रथमोपचाराच्या पुस्तकात तो शब्दांत लिहिलेला होता. माणसाच्या चेहऱ्यावर त्या तो आज पाहत होत्या.

त्यांनी हातमोजे चढवले. त्याचा पट्टा सैल केला, गुडघे दुमडून खाली घडी घातलेली सतरंजी सरकवली, अंगावर चादर ओढली. रुग्णवाहिकेला फोन झाला होता.

अनंतने डोळे उघडले. वीस वर्षं तो त्यांना 'मॅडम' म्हणत आला होता, तेही मान जराशी खाली घालून. आता तो म्हणाला, "वायच पाणी दी गे, बाय."

वायच. थोडंसं. एवढंच मागणं, आणि तेही आर्जवानं.

पोटाला आतून मार बसला असेल तर तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. शस्त्रक्रिया करावी लागते, भूल द्यावी लागते. पोटातलं पाणी उलटून श्वासात जाऊ शकतं. फार तर ओठ ओले करावेत. पुस्तकात या सूचनेला दीड ओळ दिलेली होती. सुलक्षणाबाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतला गॉझ, तो जाळीदार कापडाचा तुकडा, भिजवून त्याचे ओठ टिपले.

"अहो, कुत्र्यालापण पाजतात पाणी!" बाळा मेस्त्री ओरडला. चार नंबरच्या प्रेसवरचा हा बाळा अनंतच्याच गावचा. दोघं एकाच डब्यात जेवत. "काय लावलंय हे? टिपकागद आहे काय तो?"

"बाळा, तू दारात जा. टेम्पो काढायला लाव. गाडी आत यायला वाट नाहीये."

माल भरायला लागलेला टेम्पो नेहमीप्रमाणे दारातच आडवा होता. 'प्रवेशद्वार मोकळे ठेवावे' अशी ओळ सुलक्षणाबाई दर महिन्याच्या तपासणीच्या कागदावर लिहीत आल्या होत्या, आणि दर महिन्याला त्या ओळीखाली वरिष्ठांची सही होत आली होती. टेम्पोचा चालक चहाला गेला होता. तो सापडेपर्यंत आणि रुग्णवाहिका आत येईपर्यंत बावीस मिनिटं गेली. त्या बावीस मिनिटांत अनंतने तीनदा पाणी मागितलं.

संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो गेला. बाहेर आलेल्या तरुण डॉक्टरने विचारलं, सोबत कोण होतं? मग सुलक्षणाबाईंकडे बघून म्हणाला, "पोटात काही दिलं नाहीत ते बरोबर केलंत. वेळ गेला नाही आमचा." एवढं बोलून तो आत गेला. 'बरोबर' हा शब्द मागे राहिला, रिकाम्या बाकावर कुणी विसरून गेलेल्या छत्रीसारखा.

*

सुलक्षणाबाई हजेरी-विभागात कारकून होत्या. प्रथमोपचारक त्या अपघाताने झाल्या. फार वर्षांपूर्वी एका बैठकीत कंपनीला कागदावर लिहायला एक नाव हवं होतं; सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि सुलक्षणाबाईंचा हात तेवढा वर होता. पंखा जरा कमी करा, इतकंच त्यांना सांगायचं होतं. पण नाव लिहिलं गेलं, आणि लिहिलं गेलेलं खोडायचं नसतं अशी त्यांची समजूत होती. तेव्हापासून दर तीन वर्षांनी त्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण करीत आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कापलेली बोटं बांधली, डोळ्यातला कीस काढला, उन्हाळ्यात घेरी आलेल्यांचे पाय उंच धरले. कुणाला फिट आली की कांदा आणि चप्पल घेऊन धावणाऱ्यांना त्यांनी कडेला उभं राहायला शिकवलं. त्या शिकवण्याबद्दल त्यांना कधी कुणी काही म्हटलं नव्हतं. आता म्हणू लागले.

तोंडावर कुणी काही बोलत नसे. त्या पाण्याच्या पिंपाजवळून गेल्या की मागून एवढंच येई, "अरे, परवानगी घेतलीस का? मग पितोस कसा?" आणि कुणीतरी फस्सकन हसे. तिसऱ्या दिवशी अनंतच्या प्रेसच्या विजेच्या पेटीवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला दिसला. तहानलेला गेला, म्हणून. सुलक्षणाबाईंनी तो पाहिला. विजेजवळ उघडं पाणी ठेवायचं नाही, हाही एक नियमच होता. त्यांनी पेला उचलला तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. त्यांनी तो न सांडता खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला आणि त्या आपल्या टेबलाकडे परत गेल्या.

मुलुंडच्या घरी मुलगी जान्हवी म्हणाली, "आई, मी सगळीकडे वाचलं. तू बरोबरच केलंस गं. शंभर टक्के."

"हो," त्या म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या.

*

चौदाव्या दिवशी सकाळी बाळा त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातातली टोपी तो उगाच पिळत होता.

"मॅडम, आज वहिनी येणार. कुंदावहिनी. अनंताचे कपडे, बूट न्यायला."

"माहीत आहे. वहीतल्या नोंदीवर सही पण हवी आहे त्यांची."

"त्याच्यासाठीच आलो." त्याने आवाज खाली आणला. "त्या वहीत काय लिहिलंय तुम्ही?"

सुलक्षणाबाईंनी अपघातनोंदवही उघडून त्याच्याकडे फिरवली. 'दिलेला उपचार' या रकान्यात त्यांच्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: रुग्णास उताणे झोपवून गुडघे दुमडले. पांघरूण घातले. ओठ ओले केले. तोंडावाटे काही दिले नाही.

"ही शेवटची ओळ खोडा."

"का?"

बाळाची शहरी भाषा गळून पडली. "मी वयनीक सांगितलंय, मी पाजलंय म्हणान. दोन घोट पियालो आनि मगे गाडीत घातलो. काय सांगू मग? मसणात माका इचारल्यान तिने, 'पानी तरी गेला काय रे तोंडात?' तिच्या जिवाक तेवढोच आधार आसा, मॅडम. आता ह्या वाचल्यान तर मी खोटो पडलंय ता पडलंय, पन ती..."

"बाळा, ही नोंद आहे."

"एक ओळ! खोडायला नको तर वर कागद चिकटवा. काय बिघडणार तुमचं?"

काय बिघडणार, हे त्याला सांगून कळलं नसतं. ती ओळ खोडली तर पाणी दिलं असाच अर्थ निघणार होता, आणि त्या दीड ओळीच्या सूचनेचा भंग त्यांच्या सहीने नोंदला जाणार होता. पण ते भय लहान होतं. खरं भय वेगळंच होतं. त्या बावीस मिनिटांत आपण जे केलं ते निदान कुठेतरी जसंच्या तसं उरावं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हाती राहिली होती.

तेवढ्यात व्यवस्थापक नंदकुमार दाते आले. ते सभ्य गृहस्थ होते. कटकटी टळाव्यात यापलीकडे त्यांना जगाकडून फारसं काही नको असे.

"केळसकर, ती ओळ राहू दे, ऑडिटला बरी आहे. पण त्या बाईंनी विचारलंच, तर बेशुद्ध होता म्हणून सांगा. मागितलंच नाही म्हटलं की प्रश्न मिटला. काय बाळा?"

बाळा मान डोलावून गेला. सुलक्षणाबाईंनी वही मिटली. होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

*

कुंदा घाडी दहिसरहून एकटी आली. हिरव्या किनारीची फिकट साडी, कपाळ मोकळं, हातात घडी घातलेली कापडी पिशवी. अनंतचे बूट तिने त्या पिशवीत आधी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले, मग शर्ट. दाते साहेबांनी खुर्ची पुढे केली. बाळा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"इथे सही करायची," वही उघडून पुढे ठेवत दाते म्हणाले. "वाचायची तशी गरज नाही."

"वाचते," कुंदा म्हणाली. "सातवीपर्यंत शिकल्येय मी."

ती ओळीखाली बोट धरून वाचत गेली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा त्या ओळीवरून फिरलं.

"भावजी," वर न बघता ती म्हणाली, "तुम्ही दोन घोट म्हणाला होता."

बाळा टोपी पिळू लागला.

"नाही, त्याचं काय झालं वहिनी," दाते घाईने म्हणाले, "ते शुद्धीवरच..."

"मागितलं नाही का त्यांनी?" कुंदाने सुलक्षणाबाईंकडे पाहिलं.

दारातून बाळाने मान हलवली. अगदी हळू, आर्जवानं. सुलक्षणाबाईंना ती दिसली.

"मागितलं," त्या म्हणाल्या. "तीनदा. मी दिलं नाही."

दाते साहेबांनी डोळे मिटून घेतले. कुंदा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"घरात कधी मागितलं नाही हो," शेवटी ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत. मी उठायला लागले की बस म्हणायचे. आपलं आपण उठून माठातलं घ्यायचे. म्हणायचे, पाणी मागून पिणारा माणूस आजारी तरी असतो नायतर शेठ तरी." ती किंचित हसल्यासारखी झाली. "कसं मागितलं?"

"वायच पाणी दी गे, बाय. असं."

"बाय म्हणजे त्यांची आई. गेली ती चार वर्षांपूर्वी."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिच्या चाकाची कुरकुर दूर जात विरली.

"एक गोष्ट यात लिहिलेली नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर हजेरी वाचताना असे तसाच सपाट होता. "नियम फक्त ओठ ओले करण्याचा आहे. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा मी ओला गॉझ बोटाला गुंडाळला आणि आत घातला. जिभेवर. असं करायचं नसतं. म्हणून लिहिलं नाही."

"मग?"

"त्यांनी तो चोखला. सगळं पाणी जाईपर्यंत. चमचाभर असेल, तेवढंही नसेल. आणि मग बोट सोडलं नाही. दातांत धरून ठेवलं. गाडी येईपर्यंत मी ते तसंच ठेवलं."

दाराच्या चौकटीपाशी बाळाने पाठ फिरवली.

कुंदाने पेन उचललं. नाव पूर्ण लिहिलं: कुंदा अनंत घाडी. त्याखाली तारीख घातली. पेनाला टोपण लावून ते वहीवर आडवं ठेवलं. मग म्हणाली,

"कुठलं बोट?"

सुलक्षणाबाईंनी उजवा हात पुढे केला. हातमोज्याखाली उमटलेला तो वण आठवडाभर निळा होता, मग पिवळट झाला होता. आज चौदावा दिवस. कुंदाने त्यांचा हात मनगटाशी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला. तर्जनी आधी एका बाजूने पाहिली, मग उलटवून दुसऱ्या बाजूने. कातडी स्वच्छ होती.

"इथे?" पेरावर अंगठा टेकवत तिने विचारलं.

"जरा वर."

तिने अंगठा जरा वर सरकवला आणि तिथे ठेवला.