ज्या कथेला लोक हसले

माझा मुलगा हेमकांत चैत्रात गेला. केळीला पाणी सोडायला सकाळी मळ्यात गेला आणि मोटारीच्या पेटीत उतरलेल्या विजेने त्याला जागीच संपवले. याहून अधिक मी त्याविषयी लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांची हळहळ मला नको. लिहायचे आहे ते त्यानंतरच्या श्रावणाविषयी.

आमचे गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे. घरात मला सगळे ‘बा’ म्हणतात आणि माझा शब्द आजवर कोणी खाली पडू दिलेला नाही. आमच्या घराण्यात नवरा गेलेली बाई सहा महिने उंबरठा ओलांडत नाही. हा नियम मी केलेला नाही. पण माझे यजमान शांतीलाल गेले तेव्हा मी तो पाळला, आणि माझी सून कामिनी तो पाळील याविषयी मला शंका नव्हती. तिनेही विचारले नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ती बसे, आणि मी वाढलेले निमूट जेवत असे.

ही मुलगी लग्नानंतर एम. ए. झाली ती हेमकांतच्या हट्टापायी. पुढे विद्यापीठाच्या सर्जनशील लेखन केंद्रात तिने नाव घातले. दर शनिवारी तो तिला मोटारसायकलवरून नंदुरबारला नेई आणि वर्ग सुटेपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राही. तिथे मुले आपले लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवतात आणि एकमेकांच्या चुका काढतात, असे ती सांगे. कोणाची कविता अंकात आली, कोणाला नाटकासाठी मुंबईहून बोलावणे आले, हे ती स्वतःला मिळाल्यासारख्या आनंदाने सांगायची. लिहिणे हे मला कधी काम वाटले नाही. पण तिची बाकीची कामे वेळेवर होत, म्हणून मी बोलले नाही.

श्रावणात केंद्राचे मुजाहिद पिंजारी सर घरी आले. पडवीत टेकले, पाणी प्याले आणि बराच वेळ पावसापाण्याचे बोलत राहिले.

“सर, ऊस कसा आहे हे विचारायला तुम्ही एवढ्या लांब आला नसाल,” मी म्हणाले.

मग त्यांनी सांगितले. कामिनीने हिवाळ्यात केंद्राकडे एक कथा दिली होती. सगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या कथांतून शेवटच्या पाच निवडल्या, त्यात तिची होती. वार्षिक मेळावा यंदा नंदुरबारला. जिची किंवा ज्याची कथा पहिली येईल, त्याला वर्षभर भोपाळला राहून पुस्तक लिहिण्याची शिष्यवृत्ती होती. अट एकच, कथा लेखकाने स्वतः परीक्षकांसमोर वाचायची.

“कशावर आहे कथा?”

सरांनी पेला खाली ठेवला. “विनोदी आहे, बा. हेमकांतभाऊंच्या घोड्यावर.”

आतल्या खोलीत बांगड्या नव्हत्या, त्यामुळे काही वाजले नाही. पण ती ऐकत होती हे मला कळले.

“दुसरी एखादी गंभीर कथा चालेल का, म्हणून मी परीक्षकांना विचारलं,” सर म्हणाले. “नाही म्हणाले. तुम्ही नको म्हणालात तर मी समजू शकतो. पण अशी संधी पुन्हा येईल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.”

ते गेल्यावर माझी नणंद शोभाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोराच्या दिवसांना आली होती, ती माझ्यावर लक्ष ठेवायला राहिली होती.

“वहिनी, तू हो म्हनशी ते मी आजच मन्हा घर चालनू,” ती म्हणाली. “पोऱ्या जाईसन चार महिना हुयनात, आनि वहू स्टेजवर चढी? लोकेस्ले हसाडाले?”

“लोकांचं मला सांगू नकोस,” मी म्हणाले. “घर मन्हं शे.”

पण तिचा शेवटचा शब्द, लोकांना हसवायला, मला लागला होता. नियमाचे मी पाहून घेतले असते; नियम पाळणाऱ्यालाच तो मोडण्याचा अधिकार असतो, असे मी मानते. माझी अडचण वेगळी होती. अनोळखी माणसे खुर्च्यांवर बसून माझ्या मुलाला हसणार, आणि तो त्यांना उत्तर द्यायला नसणार.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर मी कामिनीला पडवीत बोलावले. “ती कथा आण आणि मला वाचून दाखव.”

“बा, नको.”

“मी विचारलेलं नाही.”

ती वाचू लागली. सारंगखेड्याच्या यात्रेत हेमकांतने घोडा घेतला ती सगळी हकिकत त्यात होती. विकणारा म्हणाला होता, ‘शेठ, जनावर गायीवानी गरीब शे.’ घरी आणल्यावर घोडा जागचा हलेना. चार दिवसांनी शेजारच्या लग्नात बँड वाजला आणि तो दोन पायांवर नाचू लागला. जन्मभर वरातीत राबलेले ते जनावर; बँडशिवाय पाऊल टाकायचे नाही हेच त्याला शिकवलेले. मग हेमकांत मळ्यात जाताना गळ्यात मोबाइल अडकवून बँडची गाणी लावायचा. एकदा रस्त्यात खरीच वरात भेटली, आणि घोडा त्याला घेऊन थेट मांडवात शिरला. नवरीच्या आईने ओवाळायला ताट उचलले, तेव्हा हा वरून हात जोडून म्हणतो, ‘मावशी, मन्हं लगीन हुई जायेल शे! घरमा बायको वाट देखी ऱ्हायनी!’

शोभाबाई खांबाला टेकून पाठ करून बसली होती. तिची पाठ हलू लागली. पदर तोंडात कोंबूनही हसू फुटले, आणि पाहता पाहता त्या हसण्याचे रडणे झाले. “मरना, असाच बोले,” ती म्हणाली. “अगदी असाच.”

मी हसले नाही. चैत्रापासून या घरात लोक त्याच्याविषयी बोलत होते ते किती गुणी, किती कष्टाळू, कसा देवमाणूस, असे. त्या देवमाणसाला मी ओळखत नव्हते. मांडवात घोड्यावर बसून हात जोडणारा तो माझा मुलगा होता.

“तू जाशील,” मी कामिनीला म्हणाले. “मी बरोबर येईन.”

“माझ्याने वाचवणार नाही, बा.”

“आत्ता वाचलंस ना? तसंच.”

शोभाबाई आपल्या घरी गेली नाही. आम्ही निघताना तिनेच कामिनीच्या पदराची घडी नीट केली आणि बजावले, “पानी पीत ऱ्हाय मधमा. घसा सुकस तुन्हा.”

सभागृह भरलेले होते. मला पहिल्या रांगेत बसवले. कामिनीच्या वर्गातली मुले मागे होती. ती आमच्याकडे पाहून माना खाली घालत होती. बाकीची बाहेरगावची, त्यांना काही ठाऊक नव्हते. कामिनीची पाळी आली तेव्हा मुजाहिद सर वाकून हळूच म्हणाले, “बा, वाचनाआधी मी दोन शब्द सांगतो. तिची परिस्थिती परीक्षकांना, श्रोत्यांना कळायला हवी. त्याचा तिला फायदाच होईल.”

मला तो फायदा दिसत होता. सगळे सभागृह हळहळले असते, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि शिष्यवृत्ती बहुधा तिथेच ठरली असती.

“सांगू नका,” मी म्हणाले.

“पण बा…”

“तुम्ही सांगितलंत तर एकही माणूस हसणार नाही. तिने ही हसण्यासाठी लिहिली आहे. तिला मिळायचं ते कथेवर मिळू द्या. नाही मिळालं तर आम्ही घरी जाऊ.”

सर सरळ झाले आणि त्यांनी फक्त तिचे नाव पुकारले.

पहिले पान तिने खालच्या आवाजात वाचले. घोडा हलेना तिथे कोणी तरी फिसकन हसले. बँड वाजला तिथे मागची रांग हसली. तिचा आवाज त्या हसण्याला धरून चढत गेला, आणि मोबाइल गळ्यात आला तोवर परीक्षकांपैकी एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. तिच्या वर्गातली मुले आधी ओठ दाबून बसली होती. मग त्यांनाही आवरेना. मांडवातल्या वाक्यापाशी ती थांबली. मी मान वळवली नाही, तिच्याकडेच पाहत राहिले. तिने घोटभर पाणी प्यायले आणि ते वाक्य त्याच्याच सुरात, हात जोडून म्हटले.

एवढे हसणे मी आमच्या घरातल्या लग्नांतही ऐकलेले नाही. त्या आवाजात मी ताठ बसून होते. माझी बोटे खुर्चीच्या हातावर इतकी घट्ट आवळली होती की नंतर ती एकेक करून सोडवावी लागली.

निकाल संध्याकाळी लागला. भोपाळची जागा कामिनीला मिळाली. नाव ऐकल्यावर तिने आधी माझ्याकडे पाहिले. एक वर्ष ती नसणार, आणि त्यानंतर या घरी परत यावे असे तिच्यासाठी इथे काही उरलेले नाही, हे मला त्याच वेळी समजले. शोभाबाई आणि मी, दोन म्हाताऱ्या त्या घरात राहणार. मी मान हलवली. ती मंचाकडे गेली.

बाहेर पोर्चमध्ये तिच्याभोवती गर्दी झाली. कोणी फोटो काढत होते, कोणी अंकासाठी कथा मागत होते. एक तरतरीत मुलगी गर्दीतून वाट काढत आली. माहेनूर, धुळ्याहून आलेली. कविता लिहिते म्हणाली.

“मॅडम, मी इतकी हसले की माझं पोट दुखतंय! तुमचे मिस्टर आलेत ना? कुठे आहेत? मला त्यांना बघायचंय.”

कामिनीच्या चेहऱ्यावर दिवसभर जे टिकले होते ते एकाएकी गेले. मुलगी हसऱ्या डोळ्यांनी इकडेतिकडे शोधतच होती.

खोटे बोललेले मी मुलांचे कधी खपवून घेतले नाही, हेमकांतचे तर नाहीच. मी पुढे झाले.

“तो मळ्यात आहे, बेटा,” मी म्हणाले. “केळीची गाडी भरायची होती. त्याला यायचं होतं फार.”

“अरेरे! मग त्यांना नक्की सांगा हं आजी, सगळे खूप हसले म्हणून.”

कामिनीने माझा हात धरला. चैत्रापासून पहिल्यांदाच धरला.

“सांगते,” मी म्हणाले.